दार उघडणाऱ्यांची नात

बहारीनला उम्म अल हस्सम भागात आमच्या बिल्डिंगमध्ये एक डच बाई राहायची. आम्ही एकाच ऑफिसात होतो, त्यामुळे मनाम्याच्या ऑफिसला जाणं-येणं तिच्याच गाडीतून. एकदा सिग्नलला थांबलो असताना तिने सहज सांगितलं, की जर्मन सैन्य गावात असताना तिच्या आजी-आजोबांनी एक ज्यू कुटुंब गोठ्याच्या माळ्यावर लपवलं होतं, युद्ध संपेपर्यंत. आजोबा दूध विकायचे. पकडले गेले असते तर जिवावर बेतलं असतं.

त्या दिवसापासून मला तिचा हेवा वाटायला लागला. तिचा पगार माझ्याहून जास्त होता, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण असे आजी-आजोबा तिला आयते मिळाले होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माळ्यावर लपलेल्यांपैकी सगळ्यात धाकटी मुलगी, आता ऐंशी ओलांडलेली, माझ्या या मैत्रिणीला भेटायला बहारीनला आली. शुक्रवारी मैत्रिणीने आम्हाला चहाला बोलावलं. माझी आई तेव्हा व्हिजिट व्हिसावर माझ्याकडे होती, तिलाही घेऊन गेले. म्हातारी मैत्रिणीचा हात हातात घेऊन बसली होती. मधूनच तो हात ओठांना लावायची. मला ते बघवेना.

"काय म्हणती ती?" आईने विचारलं. मी सगळं मराठीत सांगितलं.

 आई म्हणाली, "आमची वस्ती पेटवली तवा मी येवढीशी व्हते. आई आमाला घेऊन गावात पळाली. दारोदार हाका मारल्या. कुनी दार उघडलं न्हाई. मग उसात जाऊन बसलो."

वस्ती जाळली होती एवढं मला माहीत होतं. हाका मारल्याचं आईने कधी सांगितलं नव्हतं. मी ते इंग्रजीत सांगितलं.

"घरात कोणी नव्हतं का?" म्हातारीने विचारलं.

"व्हते की," आई म्हणाली. "चुलीचा धूर दिसत व्हता."

माझी मैत्रीण रडायला लागली. मला तिचा राग आला. रडायचं तिला काय कारण होतं?

म्हातारीने तिचा हात सोडला. उठून आईशेजारी सोफ्यावर येऊन बसली आणि मला म्हणाली, "हिला सांग, दूधवाल्याचं घर आमचं पहिलं नव्हतं. आधी माझ्या वर्गातल्या मुलीकडे गेलो होतो. तिच्या आईने खिडकीतून आम्हाला पाहिलं आणि पडदा ओढला."

"कसला व्हता पडदा?" आईने विचारलं.

"हिरवा."

मग दोघी बोलत राहिल्या, न उघडलेल्या एकेका दाराबद्दल. मी मधे बसून भाषांतर करत होते. म्हातारी एकदा हसली, आईसुद्धा. यजमानीण समोर चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गाडीत ती म्हणाली, "तुझ्या आईला मी काहीतरी बोलायला हवं होतं."

"काही नाही ग," मी म्हटलं.

आई गावी परतली. फोनवर अजून विचारते, "ती म्हातारी बरी हाय का?" मैत्रिणीबद्दल तिने कधी विचारलं नाही. मला त्याचं बरं वाटतं.