नाइस, सिली आणि स्नेहलतागंजातले पोहे

आता हा गाढवपणा कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा तुम्ही पाजलाय, तर ऐका!

जुन्या मध्य भारत राज्याचे दिवस. राजधानी सहा महिने इंदूरला, सहा महिने ग्वाल्हेरला. थंडी पडली की फायलींबरोबर कारकूनही ग्वाल्हेरला! इंदूरच्या स्नेहलतागंजातले अण्णा असेच एक कारकून. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी, म्हणून त्यांच्या धाकटीला बघायला आई आणि मी संध्याकाळीच गेलो. होय-नाही तिथल्या तिथे सांगायचं होतं.

मी नवाकोरा इंग्रजीचा मास्तर. अक्कल नुसती उतू चाललेली! दोघीजणी समोर येऊन बसल्या. मी लाजून जी मान खाली घातली, ती थेट पोह्यांच्या बशीत. आणि विचारलं काय? "नाइस आणि सिली, या दोन विशेषणांत फरक काय?"

"एक म्हणजे छान, दुसरं म्हणजे खुळा," समोरून आवाज आला.

झालं! मी सुरू. "आज हो! पण नाइसचं मूळ लॅटिन, अर्थ अडाणी. आणि सिली म्हणजे पूर्वी धन्य, भाग्यवान!"

"अगंबाई! म्हणजे अडाणी तो छान ठरला, अन् भाग्यवान खुळा? असं कसं हो उलटं झालं?"

काय प्रश्न! अर्धा तास बोललो. पोहे गार झाले, आई चिमटे काढतेय, मी मात्र हवेत. शेवटी जाहीरच केलं, "अण्णा, मला पसंत आहे! इतक्या गोडीने विचारणारी मुलगी लाखात एक!"

माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ खाकरले. "भिया, ये वाली तो मेरी है!"

बोलत होती ती थोरली, जवळच्याच बेटमा गावी दिलेली! धाकटी बिचारी अवाक्षर न काढता बसली होती. मी घाबरून म्हणालो, "मग दुसरी चालेल!"

चालेल? मुलगी म्हणजे काय भाजी? जावईबापूंनी माझी बशीच उचलली. अण्णा लालबुंद. "ऊठ रे मेल्या," आई पुटपुटली.

तेवढ्यात धाकटी खुदकन हसली. तेव्हा कुठे मी मान वर केली.

"अण्णा, हो म्हणा," ती म्हणाली. "यांना समोरचं माणूस दिसत नाही, तर माझी बिघडलेली आमटी काय दिसणार?"

कुणी कुणाला पसंत केलं, कळलं ना? पुढची सगळी वर्षं मी ताटाशेजारी पुस्तक उघडून जेवलो, अन् तिने हसत हसत वाढलं. आता ती नाही. फार आठवण येते हो.

परवा नातीने विचारलं, "आजोबा, आजीची आमटी कशी लागायची?"

खूप आठवून बघितलं. छे! त्या दोन शब्दांचं मूळ मात्र अजून तोंडपाठ आहे.