जर्दाळूवरची रजई

आमच्या शेजारच्या कापितोलिनाच्या बागेत सफरचंदाची झाडं उभी नसत. रोप कोवळं असतानाच ती त्याला जमिनीवर निजवायची, फांद्या आकड्यांनी दाबायची. बर्फाखाली ती हिवाळा काढत. येनिसे नदीकाठी देवानं दिलेली थंडी अशीच सोसायची असते.

उभं होतं ते एकच झाड, जर्दाळूचं. लेक ताइसिया तापानं गेली, त्याआधी तिनं खाल्लेल्या शेवटच्या जर्दाळूची बी कापितोलिनानं पुरली होती. ईस्टरनंतर थडग्यांवर जायच्या दिवशी त्याचीच फुललेली डहाळी लेकीकडे जायची.

नवरा येरेमेई तिला लाडानं कापा म्हणायचा आणि चिडवायचा, "येनिसेकाठी जर्दाळू! उद्या उंट पाळशील."

गेल्या शरदात ती घसरून पडली. खुब्याचं हाड मोडून दवाखान्यात गेली आणि इकडे माती गोठण्याआधीच बर्फ आला. कुबडीवर घरी परतली तेव्हा जर्दाळूभोवती बर्फाचा छातीएवढा ढीग.

"हे कुणी केलं?"

"मी," येरेमेई म्हणाला. "सफरचंदांना पांघरूण घालतेस, हे काय सावत्र? छपरावरचा सगळा बर्फ दिला त्याला. रजई."

बर्फ वितळल्यावर मला बोलावून कापितोलिनानं बुंध्याची साल नखानं खरवडली. आत तपकिरी, आंबूस वास.

"सफरचंदाला बर्फ मानवतो, याला नाही. ओल्या मातीवर बर्फ साचला की खोड कुजतं. दरवर्षी मी तो बाजूला ओढायचे; यंदा परतले तोवर उशीर झाला होता. थंडीनं नाही गं, उबेनं गेलं."

"येरेमेईला सांगितलंस?"

"लेकीला दुसऱ्यांदा स्वतःच्या हातानं पुरलंस, असं सांगू?"

खोटं बोलणं पाप, हे मी उठल्याबसल्या म्हणते. तेव्हा गप्प राहिले.

उरल्यासुरल्या रसावर झाड फुललं. येरेमेईनं स्वतः डहाळी तोडली, थडग्यावर ठेवली. "बघितलंस, कापा? माझी रजई." तिनं त्याच्या कोटावरची पाकळी झटकली.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी, त्रैक्याच्या सणाला आम्ही घरात बर्चच्या डहाळ्या लावल्या, तेव्हा जर्दाळूची पानं कोळपून गेली होती. येरेमेई दोघांनी ओढायची करवत घेऊन झाडापाशी उभा राहिला.

"कापा, काय झालं गं याला?"

"थंडी फार होती."

त्यानं बुंध्यावरून तळहात फिरवला. "म्हणजे माझा बर्फ कमी पडला. अजून टाकायला हवा होता."

कापितोलिनानं कुबडी कुंपणाला टेकवली, करवतीची दुसरी मूठ धरली.

"ओढ," ती म्हणाली.