सहावी लवंग

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी खैतानच्या जमियात, म्हणजे आमच्या वस्तीतल्या सहकारी दुकानात, तिचंच सामान घेत होते. लोणी, काजू, सोललेले बदाम, कोको... दरवर्षी सप्टेंबर संपत आला की तिची यादी यायची आणि मी कुरकुरत ती घेऊन यायची. अर्धी यादी ट्रॉलीत पडली होती. फोनवर तिच्या हॉस्पिटलातली नर्स शीजा होती. "भाभी, अक्का नहीं रही." ड्रेसिंग रूममध्ये एका पेशंटची पट्टी बदलून झाली, पेशंटला "जाओ, हो गया" म्हणाली, खुर्चीवर टेकली आणि... बस. सामान परत जागेवर ठेवायचं मला सुचलंच नाही. सगळं घरी घेऊन आले.

अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लातूरची, बिनलग्नाची, कुवेतमध्ये तीस वर्षं नर्स आणि त्यातली बहुतेक वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये. तिथल्या सलवा भागात तिचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. स्वयंपाकघरात एवढा थोरला ओव्हन, की फ्रिज बाहेरच्या खोलीत आलेला. धाकट्या भावाला तिनंच इकडे आणलं आणि त्याच्यामागून मी आले. मी पुण्याची, रक्त पाहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येणारी. पहिल्याच ऑक्टोबरात तिनं माझ्यापुढे एक ताट ठेवलं. त्यात माणसाची बोटं होती. भाजून तपकिरी झालेली, बदामाच्या नखांची, पेरांवर सुरकुत्या असलेली. मी किंचाळले. "भ्यायलीस काय? नानकटाई हाय गं," म्हणून तिनं एक बोट मोडून स्वतःच्या तोंडात टाकलं.

पोरांना शाळेतून हॅलोविनचं वेड लागलेलं. ते रस्त्यावर साजरं करायची सोय इकडे नाही, म्हणून नात्यातली पाच-सहा घरं अक्काकडे जमायची, पडदे ओढून. भुताखेतांचा खाऊ हा तिचा प्रांत. इतर बायका कपकेकवर पांढरं आयसिंग फासून त्याला भूत म्हणतात. अक्काला असली भुतं मंजूर नव्हती. चकलीच्या सोऱ्याला शेवेची चकती लावून ती बटरक्रीमचा मेंदू पाडायची, दोन अर्धगोल, मधे खाच, वळ्या जिथल्या तिथे. रसगुल्ल्यांच्या डोळ्यांत काळी मनुका बसवून बीटाच्या रसानं केसाएवढ्या शिरा काढायची. बोटं करताना अंगठ्याला कुणी तीन पेरं केली, तर तो अंगठा परत कणकेच्या गोळ्यात जायचा. "अंगठ्याला दोनच असत्यात. सोताचा हात बघ की." मी दरवर्षी नाक मुरडायची. ऐन दिवाळीच्या तोंडावर हे कसलं अभद्र, असं तिला ऐकू जाईल इतपत पुटपुटायचीही. पण खोटं कशाला बोलू, तिच्या हाताकडे पाहत तासन् तास बसायची मीच. शरीर आतून इतकं सुबक असतं हे मला पुस्तकानं नाही, त्या ओट्यानं दाखवलं.

आमची गार्गी नऊ वर्षांची होती त्या वर्षीची गोष्ट. आदल्या वर्षी झोपाळ्यावरून पडून तिच्या हाताचं हाड मोडलं होतं. घाईघाईत ऑपरेशन करून आत धातूची पट्टी घातली, सहा स्क्रू लावले. आता ते सगळं काढायचं होतं, अक्काच्याच हॉस्पिटलात. गार्गीला पहिल्या वेळचा तोंडावरचा मास्क आठवत होता. "आय अ‍ॅम नॉट गोइंग," एवढंच तिचं म्हणणं. जेवण सोडलं, शाळेची बस सोडली. आम्ही समजावलं, आमिषं दाखवली, एकदा मी हातही उगारला. शेवटी अक्का म्हणाली, "मी आत असते ना. मीच मोजते सगळे स्क्रू. एकबी आत ऱ्हाऊ देत नाही." त्या एका भरवशावर पोरगी जरा सैल झाली.

पार्टीच्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, अक्कानं टेबलावर एक हात आणून ठेवला. कोपरापासून बोटांपर्यंत, गार्गीच्याच मापाचा. एक्सरे खिडकीच्या काचेला चिकटवून त्याबरहुकूम केलेला. काजूकतलीच्या पिठाची कातडी, कोकोनं अगदी आमच्या रंगावर आणलेली. आत केकचे स्नायू, डाळिंबाच्या पाकात भिजवलेले. त्याच्या आत नानकटाईची दोन हाडं आणि एका हाडावर चांदीचा वर्ख लावलेली चॉकलेटची पट्टी. पट्टीत स्क्रू होते लवंगांचे! आता कौतुकानं लिहिते आहे, पण तेव्हा माझं डोकं फिरलं होतं. भरल्या घरात माझ्या लेकीचा हात कापायचा? अक्कानं माझ्याकडे लक्षच दिलं नाही. गार्गीच्या तोंडाला मास्क बांधला, हातात मोजे चढवले, फळं कापायची सुरी आणि एक चिमटा दिला. "डॉक्टर तू. मी शिस्टर."

गार्गीनं आधी सुरीचं टोक नुसतं टेकवून पाहिलं. मग कातडी उघडली, पाक ओघळला, हाड दिसलं आणि खोलीतली सगळी पोरं पुढे सरकली. माझी अंधारी कुठे गेली कुणास ठाऊक. गार्गी चिमट्यानं एकेक लवंग उपसून वाटीत टाकायची आणि अक्का मोठ्यानं आकडा म्हणायची. एक... दोन... तीन... चार... पाच. सहावी निघेना.

"कुणी हलायचं नाही," अक्का म्हणाली. आधी सगळे हसले. पण ती हसत नव्हती. तिनं तो हात भुगा होईपर्यंत उकरला. भुगा चाळणीनं चाळला. टेबलाखाली ओणवी होऊन पाहिलं. कुणाला एक बोट खाऊ देईना. "अहो अक्का, लवंग आहे ती! कुणी गिळली असेल," मी वैतागून म्हटलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ आली नाही. आली तेव्हा तिच्या तळहातावर सहावी लवंग होती. "चुकलं माझं. घातलीच नव्हती. बशीतच ऱ्हायली." मग पोरांनी मेंदूपासून डोळ्यांपर्यंत सगळा फडशा पाडला आणि लवंगेची गोष्ट तिथेच संपली, असं आम्हाला वाटलं.

मंगळवारी ती आमच्याकडे आली. ऑपरेशन गुरुवारी होतं. चपला काढता काढता म्हणाली, "रविवारी जाऊन सांगितलं मी, मला मोजणीवर ठेवू नका म्हणून. ड्रेसिंगला बदली मागितलीय." मला कळेचना. थिएटरमध्ये पोट काय, हात काय, टाके घालण्याआधी जे जे आत गेलं ते ते मोजायचं असतं आणि इतकी वर्षं अक्काच्या मोजणीवर डॉक्टर डोळे मिटून टाके घालत आले होते. "एका लवंगेपायी?" मी विचारलं. "लवंग होती म्हणून बरं," ती म्हणाली.

तिनं गार्गीला समोर बसवलं. मी खुणेनं नको नको म्हणत होते. ही आत्ता काही बोलली की पोरगी पुन्हा हातची जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. अक्का सरळ म्हणाली, "मी मोजणार न्हाई. मी त्या दिवशी चुकले. शीजा मोजंल, ती माझ्यापेक्षा चांगलं मोजती. मी तुझ्या डोक्यापाशी हुबी ऱ्हाते. मास्कचा वास घाण येतो. धापर्यंत अंक म्हण, सातच्या म्होरं जाणार न्हाईस." गार्गीनं बोटांवर सातपर्यंत मोजून पाहिलं. मग म्हणाली, "ओके." आणि खरोखर गुरुवारी स्वतःच्या पायांनी चालत आत गेली. सहाच्या सहा स्क्रू निघाले.

मी मात्र त्या मंगळवारी जिन्यापर्यंत अक्काच्या मागे गेले होते आणि बोलू नये ते बोलले होते. "तुम्ही फक्त गप्प राहायचं होतं. दोन दिवस. तेवढंही जमलं नाही तुम्हाला?" तिनं लिफ्टचं बटण दाबलं. पुढे तीन वर्षं आम्ही भेटत होतो, हसत होतो, दर ऑक्टोबरला बोटं वळत होतो. माफी मागायची राहून गेली. आता मागून काय उपयोग...

यंदा पार्टी करायची नाही असं मी ठरवलं होतं. गार्गीनं ऐकलं नाही. ती आता बारा वर्षांची आहे आणि ऐकत नाहीच. फ्लॅटची किल्ली परत द्यायला आठवडा होता, म्हणून आम्ही अक्काच्याच ओव्हनवर खाऊ करायला बसलो. जमियातून आणलेलं ते सामान तसंच होतं. शीजाही मदतीला आली, ड्यूटी संपवून, युनिफॉर्मवरच. पीठ मळता मळता सहज सांगावं तसं तिनं सांगितलं, की त्या गुरुवारी अक्का गार्गीच्या डोक्यापाशी उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. शीजाच्या मोजणीबरोबर तीही मनात मोजत होती. सहा. शीजानं बाहेर आल्यावर तिला म्हटलं, "अक्का, आपकी गिनती तो सही थी. वापस आ जाओ."

"मग?" मी विचारलं.

"बोली, आज सही थी. लेकिन उस दिन भी मुझे सही ही लग रही थी."

माझे हात पिठात थांबले. तीस वर्षं ज्या कामावर ही बाई जगली, ते काम तिनं एका घरगुती पार्टीतल्या चुकीवरून खाली ठेवलं होतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. आणि मी तिला गप्प राहायचा सल्ला दिला होता. एवढ्या मोठ्या माणसाशी मी वर्षानुवर्षं बदामाच्या नखांवरून हुज्जत घातली, याचं मला त्या ओट्यापाशी भय वाटलं. मी शीजाला सगळं सांगून टाकलं, जिन्यातलं बोलणंसुद्धा. अक्कामुळे गार्गीचं ऑपरेशन अडलं असतं, म्हणून मी चिडले होते, असंही म्हटलं.

गार्गी बोटांना नखं लावत होती. मान वर न करता म्हणाली, "आई, मी त्याच्यामुळेच तर गेले. तुम्ही सगळे नुसतं काही नाही होणार, काही नाही होणार म्हणत होता. ओन्ली अक्का सेड शी मेड अ मिस्टेक. मग मला वाटलं, ही मास्कचं पण खरंच सांगत असेल."

शीजानं ओव्हनचं दार उघडलं. गार्गीनं पहिला ट्रे आत सरकवला आणि दुसऱ्यासाठी माझ्याकडे पीठ मागितलं.