तिनं कोरे सोडलेले प्रश्न

"ह्ये मला येत न्हाई," असं ती मान वर करून सांगायची. तुम्ही-आम्ही हेच वाक्य खाली बघून पुटपुटतो. ती घड्याळात बघून वेळ सांगावी तसं सांगायची.

जत तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरातली. घरात कन्नड, शाळेत मराठी. कराडला बी.एस्सी.ला आली आणि शेजारच्या मलकापुरात आमच्या खोलीत तिसरी म्हणून राहिली. मला अक्का म्हणायची. मी विद्यार्थी संघटनेचं काम करायची; माझी पत्रकं वाचून म्हणायची, "लय ओरडतीस गं कागदावर." थोरल्या भावानं तिला शिकायला तीन वर्षं दिली होती. त्यावर एक दिवस नाही, मग लग्न.

कॉलेजनं नव्या मुलांची पातळी चाचणी घेतली. संगणकावर साठ प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. चुकलं तरी गुण कापत नव्हते. क्लासवाल्या पोरांना हे पाठ असतं: येत नसेल तर डोळे मिटून एक दाबा. हिनं एकवीस प्रश्न कोरे सोडले. बाकीचे सगळे बरोबर. अंदाजानं ठोकणारे वर गेले आणि ही पाच गुण कमी पडून 'पायाभूत' वर्गात. म्हणजे एक वर्ष जादा, पदवीला चार वर्षं. याला म्हणे पातळी मोजणं!

मी निवेदन घेऊन कार्यालयात भांडले. तिथले सर म्हणाले, संगणक बंद पडला होता असा अर्ज असेल तरच फेरचाचणी. अर्ज मीच लिहिला आणि सहीसाठी तिच्यापुढं ठेवला.

तिनं दोनदा वाचला. "बंद कुठं पडला हुता, अक्का? चांगला चालू हुता की."

"सही कर गं. एका ओळीनं काय होतंय? आणि या वेळी येवो न येवो, सगळ्यांना एकेक पर्याय दाब."

"मग मला काय येतंय, ह्ये त्यास्नी कसं कळणार?"

मी चिडले. तुझ्यासारख्यांमुळंच यांचं फावतं, म्हणाले. ज्यांना हे सुनावायचं, त्यांना सोडून तिला सुनावलं. तिनं अर्जाची नीट घडी घालून माझ्या हातात दिली.

चौथ्या दिवशी भाऊ आला. चार वर्षं म्हटल्यावर त्यानं तिची पेटी उचलली. मी स्टँडवर गेले ते माफी मागायला, आणि बोलत राहिले कॉलेजच्या नावानं. एस.टी.च्या खिडकीतून तिनं मधेच विचारलं, "त्या एकविसातला एक तरी सोडवून दावशील का? बघू दे तरी कसं करत्यात."

मला त्यातला एकही येत नव्हता. "पाठवते," म्हणाले. अजून पाठवलेला नाही.

यंदा चाचणीच्या दिवशी मी फाटकाशी पत्रकं वाटली. त्यात एकच सूचना होती: एकही प्रश्न कोरा सोडू नका. नव्या मुली पत्रक घेऊन रांगेत शिरल्या. का, म्हणून एकीनंही विचारलं नाही.