कॅम्परमधला पलीकडचा पलंग

वाचणाऱ्याने आधी माफ करावं. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. र्‍हस्व-दीर्घ चुकतं, आणि अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही. इथल्या मराठी मंडळाने दिवाळी अंकासाठी अमानवीय अनुभव मागवलेत म्हणून लिहायला बसले... पण देईन असं वाटत नाही. चारचौघांत नाव विचारलं तरी माझी मान खाली जाते. लिहीन आणि कपाटात साड्यांखाली ठेवून देईन.

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आमच्या गावात एका बाईच्या अंगात यायचं. अंगात आलं की ती सासूला शिव्या द्यायची, आणि उतरलं की तांब्याभर ताक पिऊन गाढ झोपायची. मी तेव्हा परकरात होते, तरी मला कळत होतं की ही देवी नाही, हा सासुरवास आहे.

आम्ही अमेरिकेत ओहायोत राहतो, डब्लिनला. माझा मुलगा नितीन इथे कॉम्प्युटरवर आहे, सून शिल्पा नोकरी करते, आणि एक नात, मिहिका. नितीन इथला सिटिझन झाल्यावर त्याने आम्हा दोघांना कायमचं बोलावून घेतलं. आमचे हे एस.टी.त ड्रायव्हर होते. जन्मभर घाटात गाडी चालवलेला माणूस, इथे आल्यावर दिवसभर सोफ्यावर बसून खिडकीतून दुसऱ्यांच्या गाड्या बघायचा. कोण रिव्हर्स चुकीचा घेतो, ते मला सांगायचा.

मग नितीनने एकदा सगळ्यांना कॅम्पिंगला नेलं. डब्लिनपासून दीडेक तासावर तळ्याकाठी एक स्टेट पार्क आहे, तिथे. मला काही समजेना. आमच्या गावाबाहेर पालं पडायची, त्यांतल्या बायका घर नाही म्हणून रडायच्या. आणि इथे एवढी थोरली घरं सोडून माणसं हौसेने पालात झोपायला येतात... पण हे मात्र खुलले. चूल पेटवली, पिठलं केलं, शेजारच्या गोऱ्या माणसाला वाटीभर नेऊन दिलं. तो ठसकला, आणि परत मागायला आला.

दोन उन्हाळे आम्ही टेंटमध्ये झोपलो. सगळे एका ओळीत, जमिनीवर. पण ह्यांची पाठ एस.टी.च्या सीटने कधीच खाल्लेली. सकाळी उठताना आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग माझ्या खांद्याचा आधार. नितीन म्हणायचा, "अण्णा, क्रेन बोलावू का?" हे हसायचे, पण मला माहीत होतं, रात्रभर डोळा लागलेला नसायचा.

तेव्हा ह्यांना तो पॉप-अप कॅम्पर दिसला. आमच्याच रस्त्यावर, एकाच्या अंगणात, 'विकणे आहे' असा कागद लावलेला. बंद असला की मोठी पेटी चाकांवर ठेवल्यासारखा. हँडल फिरवलं की छप्पर वर येतं, दोन्ही टोकांचे पलंग ओढून बाहेर काढायचे, भोवती टेंटसारखंच कापड आणि जाळीच्या खिडक्या. मध्ये टेबल आणि छोटी शेगडी. जमिनीला पाठ लावायची गरज नाही. हे त्याच्याभोवती तीनदा फिरले, टायर दाबून पाहिले.

नितीन म्हणाला, "अण्णा, आत्ता नको. ऑफिसमध्ये ले-ऑफ चाललेत. पुढच्या वर्षी बघू."

ह्यांनी त्याला सांगितलं, "तुझ्याकडे कोण मागतंय? माझ्या फंडाचे आहेत."

फंडाचे पैसे तर नितीनच्या शिक्षणातच गेले होते. ते फक्त मला माहीत होतं. आमच्या मागच्या गल्लीत वसंत भाऊजी राहतात, साताऱ्याकडचे. ते ह्यांना मोठ्या भावासारखं मानायचे. त्यांच्याकडून ह्यांनी अठराशे डॉलर उसने घेतले. मला म्हणाले, "नितीनला कळू देऊ नकोस. गावच्या जागेचे पैसे आले की पहिले वसंताचे देऊन टाकू." देण्याच्या बाबतीत हा माणूस वेडाच होता. एकदा चहाचे पैसे द्यायचे राहिले म्हणून ड्यूटी संपल्यावर दुसरी एस.टी. पकडून घाट उतरून गेले होते. चहावाला म्हणाला, उद्या दिले असते तरी चाललं असतं. हे म्हणाले, "तुला चाललं असतं."

कॅम्पर घरी आला तेव्हा मी त्याला कुंकू लावलं, चाकापुढे नारळ फोडला. मिहिकाने खोबऱ्याचे तुकडे गोऱ्या शेजाऱ्यांना वाटले.

झोपायची व्यवस्था सांगते, कारण पुढचं त्यावरच आहे. नितीन आणि शिल्पा बाहेर टेंटच लावायचे, त्यांना तेच आवडायचं. आत आम्ही तिघं. एका टोकाच्या पलंगावर मी आणि मिहिका, पलीकडच्या टोकाला हे. टेंटमध्ये शेजारचा कितीही वळवळला तरी जमीन हलत नाही. कॅम्पर हलतो. पलीकडे कोणी कूस बदलली की इकडच्या माणसाला झुलवल्यासारखं होतं. हे वळायचे तेव्हा आधी एक मोठा हेलकावा, मग जरा थांबून एक छोटा. उठून बसले की आमची बाजू किंचित वर यायची. मिहिका झोपेतच ओरडायची, "आजोबा, स्टॉप मूव्हिंग!"

हे म्हणायचे, "भूकंप झाला गं बाई."

रोज तेच. ती तेच म्हणणार, हे तेच म्हणणार, आणि दोघं हसणार.

ह्यांना दोन उन्हाळेच मिळाले. त्या हिवाळ्यात एका सकाळी खूप बर्फ पडला. कॅम्पर ड्राइव्हवेमध्ये झाकून ठेवलेला. "वजनाने छप्पर बसेल," म्हणून हे फावडं घेऊन गेले. मी चहा टाकला होता. चहा गाळून हाक मारायला दार उघडलं, तर हे कॅम्परला पाठ टेकून बसलेले, फावडं मांडीवर. मला वाटलं दमले...

गावच्या जागेचं काहीच झालं नव्हतं. तेराव्यानंतर मी वसंत भाऊजींकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा एकटी कोणाच्या दारात गेले असेन. म्हटलं, "भाऊजी, ह्यांचं देणं आहे. थोडं थोडं देईन."

त्यांनी हात जोडले. "वहिनी, लाजवू नका. माझा थोरला भाऊ गेला. त्याचे पैसे घेऊ? पुन्हा विषय काढलात तर मी तुमच्याकडे चहालाही येणार नाही."

आपल्याकडे असंच करतात. चांगली माणसं असंच करतात. मी घरी आले. खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात नितीन कॅम्पर विकायला निघाला होता. मीच नको म्हटलं. आम्ही त्याच पार्कात गेलो. पहिल्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर मी आत जरा आडवी झाले. ऊन लख्ख. वारा नव्हता, तळं आरशासारखं. जाळीतून मला तिघंही दिसत होते, नितीन खुर्चीत पेपर वाचत, शिल्पा भांडी पुसत, मिहिका काठावर दगड फेकत. आणि कॅम्पर हलला. एक मोठा हेलकावा. जरा थांबून एक छोटा.

मी डोळे उघडे ठेवून पडून राहिले. मग माझी बाजू किंचित वर आली. पलीकडच्या पलंगावर फक्त घड्या घातलेली पांघरुणं होती.

मी नितीनला हाक मारली. त्याने चारही कोपऱ्यांचे जॅक तपासले. "आई, हा मागचा एक नीट बसत नाहीये. त्यामुळे हलतं." त्याचं म्हणणं बरोबर असेल. माझी चौथी, त्याचं एम.ई. पण जॅक सैल असला तरी हलवायला कोणीतरी लागतं ना?

दुसऱ्या दिवशी सकाळी, उजाडल्यावर, पुन्हा. मिहिका माझ्या कुशीत होती. झोपेतच म्हणाली, "आजोबा, स्टॉप मूव्हिंग." मग थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, रडवेल्या आवाजात, "से इट ना... भूकंप म्हणा ना."

कोणी काही म्हणालं नाही. हेलकावे चालूच.

मी कोणाला बोलले नाही. उलट त्या उन्हाळ्यात आणि त्याच्या पुढच्याही, "चला ना कॅम्पिंगला" असं मीच म्हणायची. शिल्पाला नवल वाटायचं. मी जायची ती त्या हलण्यासाठी. मला वाटायचं, भेट होते.

पण हळूहळू लक्षात आलं की हे झोपत नाहीत. पूर्वी दोन-तीनदा वळले की घोरायला लागायचे. आता वळणं, बसणं, पुन्हा आडवं होणं, पुन्हा बसणं. टेंटमध्ये पाठ दुखायची तेव्हा तळमळायचे, तसं. ज्या पलंगावर पाठीला आराम मिळावा म्हणून एवढं केलं, त्याच पलंगावर माणसाला झोप नाही. मी पांघरुणात तोंड घालून म्हटलं, अहो, काय हवंय? उत्तर मला माहीत होतं.

मी पुरणपोळ्या आणि भाकऱ्या करून द्यायला लागले. मंडळातल्या मुली ऑर्डर द्यायच्या. नितीन चेष्टा करायचा, "आई, तुझी कंपनी मला जॉब देईल का?" पैसे मी पिठाच्या डब्यामागे ठेवायची. वर्ष गेलं, त्याहून जास्त गेलं. जमायला लागले तशी मी सावकाश करायला लागले. ऑर्डर नाकारायची. हात दुखतो म्हणायची. हात दुखत नव्हता.

आधी नंतरचं सांगून टाकते. वसंत भाऊजींचे पैसे दिल्यानंतर आम्ही त्याच पार्कात गेलो, त्याच साइटवर. मी दुपारभर पडून राहिले, सकाळी उजाडायच्या आत जागी झाले. कॅम्पर हलला नाही. एकदाही नाही. नितीनने त्याच वर्षी उन्हाळ्याआधी तो मागचा जॅक बदलला होता, त्यामुळे असेल. मिहिकाही मोठी झाली आहे, बाहेर टेंटमध्ये झोपते. मग इतकी वर्षं ते काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही. सांगणारं कोणी भेटलंही नाही. पलीकडचा पलंग मी आता ओढून बाहेर काढतच नाही. रिकामा बघवत नाही.

पैसे द्यायला गेले त्या दिवशी वसंत भाऊजी एकटेच घरी होते. मी पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं. "वहिनी, मी तेव्हाच सांगितलं होतं. मी सोडलेत ते पैसे."

मी पाकीट परत त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, "तुम्ही मला सोडलेत, भाऊजी. ह्यांना विचारलंत का?"

त्यांनी पाकिटावर हात ठेवला. मग म्हणाले, "अण्णा हो म्हणाले नसते."

"मोजून घ्या," मी म्हटलं.

"मोजायचे काय, वहिनी..."

"ह्यांनी मोजायला लावले असते."

त्यांनी चष्मा लावला आणि नोटा मोजायला लागले. विसाच्या, दहाच्या, पाचाच्या, पिठाचा वास लागलेल्या. डोळे भरले की थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. मी समोर बसून त्यांच्या बोटांकडे बघत होते. घरी दोनदा मोजून आणले होते, तरी मनात एकच होतं, एखादी कमी भरू दे. एकच कमी भरू दे, म्हणजे आणखी एक उन्हाळा...

त्यांनी शेवटची नोट ठेवली, गठ्ठा टेबलावर आपटून सारखा केला.

"पूर्ण आहेत, वहिनी," ते म्हणाले.