मुशीचं तेल लावलेल्या फळ्या

माझा दुलाभाई, म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, रत्नागिरीच्या आमच्या खाडीतला नावाजलेला होड्या बांधणारा सुतार. त्याला कतारला आणला मी. उम्म सईदच्या तेलबंदरावर मी स्टोअर क्लार्क होतो, साहेबाच्या हातापाया पडून त्याला सुतारकामावर चिकटवला. आणि हा मेसमध्ये वीस माणसांत मला म्हणतो, "काय रे कागद्या, तुझ्या हाताला कधी घट्टा पडला काय?" सगळे खी खी हसले. मी ताट तसंच ठेवून उठलो.

एकोणीसशे पन्नासचं दशक सरत आलं होतं. दुलाभाईचा करार संपत होता. घरी लग्नाच्या तीन पोरी, आणि पुढचा करार इंजिनियर साहेबाच्या सहीवर अडलेला. हा साहेब डोंगराळ मुलखातला. तिकडे पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरायचा म्हणे. इथे बर्फ कुठला? पण दक्षिणेला वाळूच्या टेकड्या होत्या, दोन-दोन माड उंचीच्या. त्यांवरून घसरायचं त्याच्या डोक्यात आलं. जाड बूट, पाठपिशवी, पाण्याची कॅनव्हासची थैली मी स्टोअरमधून दिली. फळ्या करायच्या दुलाभाईने. "अच्छा बनाओ, फिर साइन," साहेब म्हणाला.

चार दिवस तो खपला. वाफेवर लाकूड धरून फळ्यांची टोकं वर वळवली, काय देखणं काम! गुरुवारी दुपारी स्टोअरमध्ये येऊन बसला आणि फळ्यांच्या खालच्या बाजूला मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोळायला लागला. होडीच्या तळाला लावतात तेच. नाक फाटेल असा वास. "होडी पाण्यात पळते तसा साहेब वाळूत पळेल, बघ तू," मिशीवर बोट फिरवत म्हणाला.

वाळूपाशी तेल चालत नाही, हा आमच्या स्टोअरचा पहिला धडा. पाना असो की बेअरिंग, कोरडं पुसल्याशिवाय आम्ही बाहेर काढत नसू, नाहीतर वाळू गोचिडीसारखी चिकटते. शब्द अगदी ओठावर आले होते. म्हटलं, मरू दे! साहेब पडेल आणि ह्याची मस्ती जिरेल.

"झकास झाल्यात," मी म्हणालो.

शुक्रवारी सकाळी ट्रकमधून निघालो. साहेब, त्याचे दोस्त, मडमा आणि ओझी वाहायला आम्ही दोघे. साहेब टेकडीवर चढला, फळ्या बांधल्या, निघाला. चार हातांवर फळ्या जागच्या जागी रुतल्या आणि साहेब तोंडावर आपटला. मडमा खिदळल्या. साहेब वाळू थुंकत उठला, लालबुंद. दुलाभाईकडे बोट करून ओरडला, "अब तुम! यल्ला, चलो!"

पन्नाशीचा माणूस. साहेबाने स्वतः त्याच्या पायांवर चामडी वाद्या गच्च आवळल्या. दुलाभाईने माझ्याकडे पाहिलं. साहेब, तेल तरी पुसू द्या, एवढंच बोलायचं होतं मला. मी ट्रककडे बघत राहिलो. साहेबाने पाठीत धक्का दिला. फळ्या रुतल्या, माणूस पुढे कोसळला, पाय मागेच अडकलेले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो "या अल्ला" करून किंचाळत होता आणि वर सगळ्यांना वाटलं, सोंग करतोय. सगळे हसले. मीही हसलो, पोट धरून हसलो. खोटं कशाला सांगू!

पाय वाकडाच जुळला. इस्पितळात त्याने मला विचारलं, "तुला ठाऊक होतं?" मी मान खाली घातली. साहेबाने कागदावर सही केली, 'अनफिट'. खलास. पुढच्या बोटीने त्याला परत धाडला.

दोन वर्षांनी रजेवर गेलो, तेव्हा तो ओटीवर दुसऱ्याचं जाळं विणत बसला होता. उकिडवं बसता येईना, मग होडी बांधायच्या कामावर कोण घेणार? धाकटी चहा घेऊन आली.

"मामू, अब्बा सगळ्यांना सांगतात. तू हात जोडलेस, तेल लावू नका म्हणालास, पण त्यांनीच ऐकलं नाही."

दुलाभाईने जाळ्यातून मान वर केली नाही. बहिणीचं माहेर तुटू नये म्हणून हा माणूस दोन वर्षं खोटं बोलत होता. बहिणीने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू तरी काय करणार, बाबा!"

आणि मी, हलकट, चहाचा घोट घेऊन म्हणालो, "किती सांगितलं गं मी."