इनास सरांनी सोडून दिलेली आघाडी

इनास परेरा सरांची आणि माझी ओळख एका कवितेमुळे झाली, असं सांगितलं की त्यांचे विद्यार्थी हसतात. पण खरं आहे ते. सत्तरचं दशक नुकतंच उजाडलं होतं. कॉलेजात मराठीचा तास चालू होता आणि शेवटच्या बाकावर ते हॉकीची स्टिक मांडीवर आडवी घेऊन बसले होते. तेव्हा ते कुणाचे सर नव्हते, आम्ही एकमेकांना अरे-तुरे करत होतो. आज मात्र त्यांच्याविषयी एकेरी लिहायला हात धजत नाही.

तास संपल्यावर ते माझ्याकडे आले. "तू मघापासून मान डोलवतोयस. काय कळलं तुला त्या कवितेत?"

बांधावर संध्याकाळ उतरते, अशी काहीतरी ती कविता होती. मी रंगात येऊन सांगत राहिलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं. तू मला कविता शिकव, मी तुला हॉकी शिकवतो. दोघंही पास होऊ."

ते पास झाले. मला हॉकी खेळता आली नाही ती नाहीच, पण बघता येऊ लागली. माझ्या गावाहून, चंदनसारहून निघून मी रविवारचा वसईजवळ उमेळ्याला त्यांच्या घरी जायचो. तेव्हाचं उमेळं आठवलं की अजूनही डोळे आपोआप मिटतात. केळीची पानं, त्यांच्या सावलीतल्या पानवेली, पाटातून झुळझुळणारं पाणी आणि वाडीत शिरता शिरता येणारा सोनचाफ्याचा वास. त्या वासात उभं राहून इनास सर भिंतीवर चेंडू मारत असायचे. टक, टक, टक. मला ते वृत्त वाटायचं. त्यांना मी तसं सांगितलं तर म्हणाले, "वृत्त नाही रे. डावीकडचा फटका सुधारतोय."

पुढे ते विद्यापीठाच्या संघाचे कर्णधार झाले. त्याच वर्षी राष्ट्रीय ज्युनियर संघ परदेश दौऱ्यावर निघण्याआधी विद्यापीठाच्या मुलांशी प्रदर्शनी सामने खेळत होता. मुंबईतले सामने आम्ही हरलो. शेवटचा सामना वसईत, आमच्या चर्चच्या मैदानावर ठरला. राष्ट्रीय संघाचा सेंटर हाफ, म्हणजे मधली फळी सांभाळणारा खेळाडू, जखमी झाला होता. सुखदेव नावाचा पंजाबचा एक राखीव खेळाडू त्याच्या जागी खेळत होता, पण प्रशिक्षकांचं मन त्याच्यावर पुरतं बसत नव्हतं. आमचे इनासही सेंटर हाफच. विद्यापीठाच्या मॅनेजरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांची नजर तुझ्यावर आहे. वसईत चमकलास तर दौऱ्याला तू जाशील."

भारताची जर्सी! आमच्या वाड्यांमधून तोवर फार तर पानं, केळी आणि फुलं बाहेर जात होती.

रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी वेदीवरूनच सांगितलं, "पाहुणे आपले आहेत. एकेका घराने दोघा-तिघांना दुपारच्या जेवणाला न्यावं." एवढं पुरेसं होतं. आमच्याकडे पाहुणा घरी येतो तेव्हा त्याची भूक विचारायची पद्धत नाही. शेजारच्या घरात काय शिजतंय, एवढंच विचारतात. एका घरी कोंबडी म्हटल्यावर पलीकडच्या घरी डुकराच्या मांसाचं आंबट-तिखट इंदयाल झालं. तिसऱ्या घरी कळंबच्या किनाऱ्यावरून पापलेटं आणवली. मैद्याचे गोल फुगे तळले गेले, भाताची पातेली उतरली, तांदळाच्या भाकऱ्यांच्या चवडी लागल्या. शेवटी प्रत्येकाच्या हातात सुकेळी, म्हणजे आमची वाळवलेली गोड केळी. सुखदेव आणि आणखी एक जण इनास सरांच्या घरी होते. नको म्हणायला सुखदेवने ताटावर हात धरला की इनास सरांची आय त्याचा हात हलकेच उचलून बाजूला ठेवायची आणि वाढायची.

"मोकल्या पोटाने कोन धावतो, पोरा? तुज्या आयला मी काय तोंड दाखवू?"

मराठीतलं एक अक्षर न कळता सुखदेव खात होता. आई काय म्हणते ते त्याला बरोबर कळलं असावं.

आमचा संघ मात्र सकाळपासून मैदानावर होता. पाणी मारणं, खडे वेचणं, चुन्याच्या रेघा ओढणं हे सगळं खेळाडूंनीच केलं. इनास सर त्यांना जेवायला सोडेनात. चर्चच्या ओट्यावर बसवून सगळ्यांना पेज पाजली.

सामना सुरू झाला. माझ्याकडे लाउडस्पीकरचं काम होतं. माडाला कर्णा बांधला होता आणि मी चेंडूइतकंच आभाळाचंही वर्णन करत होतो. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "ए कवी, बॉल कुठंय ते सांग! आभाळ आम्हाला दिसतंय!"

बॉल बहुतेक वेळ इनास सरांकडेच होता. पण थोड्या वेळाने माझ्यासारख्यालाही जाणवलं की काहीतरी बिघडलंय. देशातले ते सगळ्यांत चपळ पोरगे, वसईच्या भातानं जड होऊन, पाण्यातून चालावं तसे चालत होते. सुखदेव दोनदा कमरेवर हात ठेवून वाकला. इनास सर त्याच्या शेजारून चेंडू काढून नेत आणि तो नुसता वळून बघे. मध्यंतराला आम्ही दोन गोलांनी पुढे होतो. गाव नाचत होतं.

पाहुणे गवतावर आडवे पडले होते. त्यांचे प्रशिक्षक कोणाला तरी कडवटपणे म्हणाले, "यहाँ के लोग बड़े प्यार से हराते हैं।" मुद्दाम केलं, असा त्यांचा समज झालेला स्पष्ट दिसत होता. सुखदेवकडे तर ते बघतही नव्हते.

इनास सर सरळ त्यांच्यापाशी गेले. मी माइक टाकून मागोमाग.

"साब, ये मॅच नहीं गिनने का. कल सुबे नये से खेलेंगे."

"तुम दो गोल से आगे हो, कप्तान।"

"आगे मैं नहीं, साब. मेरी माँ आगे है."

प्रशिक्षक असे हसले की आडवे पडलेले पोरगेही उठून बसले. दुपारची गाडी होती, त्याआधी सकाळी खेळायचं ठरलं.

मॅनेजर मात्र भडकले. "वेडा आहेस का? आज तुझं नाव पक्कं झालं होतं! उद्या तो मुलगा धावला तर?"

"धावू दे की," इनास सर म्हणाले. "धावणाऱ्याला अडवलं तरच मी सेंटर हाफ ना?"

संध्याकाळी खरी लढाई घरी झाली. पाहुण्यांना रात्री फक्त पेज द्यायची, हे आयला पटेना. "पाहुन्याला पेज? लोक शेन घालतील माज्या तोंडात!" शेवटी तिनं पेज वाढली, पण सुखदेवच्या पेजेत वरून भरपूर खोबरं घातलंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खरा राष्ट्रीय संघ पाहिला. माझे शब्द त्यांच्या मागे धावून दमले. सुखदेव वाऱ्यासारखा खेळला. आणि खोटं सांगत नाही, इनास सरही त्या सकाळी जसे खेळले तसे आदल्या दिवशी खेळलेच नव्हते. दोघं एकमेकांना अडवत, चकवत होते आणि गाव दोघांनाही टाळ्या देत होतं. पण सामना आम्ही मोठ्या फरकानं हरलो. निघताना प्रशिक्षकांनी इनास सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "दोनों बराबर हो। पर वो पहले से हमारा है।" दौऱ्याला सुखदेव गेला. इनास सरांचं त्या वयोगटातलं ते शेवटचं वर्ष होतं. तशी संधी पुन्हा आली नाही.

त्यानंतर ते वसईतच शाळेत क्रीडाशिक्षक झाले, आणि त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथात ज्यांनी ज्यांनी लिहिलं आहे त्यांतले निम्मे त्यांच्या हाताखालून गेले आहेत. त्यांच्या शिस्तीच्या गोष्टी इतरांनी सांगितल्या असतीलच. मला त्यांची एक रीत आवडते. मुलगा चांगला खेळला तर ते मैदानावर त्याचं कौतुक करत नसत. संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन आईला सांगत. एका मिठागरावरच्या बाईंनी त्यांना दारातच विचारलं होतं, "मास्तर, पोरगी मानसांत धावनार, शोभतं का ते?" सर उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "एकदा बघायला या. नाही शोभलं तर मी स्वतः तिला घरी आणून सोडतो." बाई आल्या. नंतर मुलीच्या प्रत्येक सामन्याला येत राहिल्या.

आणि माझ्यावरचा लोभ? निवृत्तीनंतर माझ्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हा वाचायची मनाई होती. इनास सर रोज संध्याकाळी येऊन मला शाळेच्या जुन्या पुस्तकांतल्या कविता वाचून दाखवत. वाचन अगदी सपाट, गुणफलक वाचावा तसं. मी म्हणे, "अरे, इथे जरा थांब, श्वास घे." ते म्हणत, "पंचांनी शिट्टी दिली नाही, थांबू कशाला?" तरी त्या कविता मला इतक्या सुंदर कधी ऐकू आल्या नव्हत्या.

या ग्रंथाच्या निमित्तानं परवा आम्ही जमलो होतो. एका माजी विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, ती जर्सी गेली त्याचं वाईट नाही वाटत?"

सर म्हणतील, खेळ महत्त्वाचा, जर्सीचं काय, असं आम्हाला वाटलं. पण ते म्हणाले, "वाटतं ना. अजून वाटतं. हवीच होती मला. फक्त त्या दुपारच्या भातावर नको होती."

मग मला इतक्या वर्षांत न सांगितलेली गोष्ट त्यांनी सांगितली. संघ गेल्यावर आय रडत बसली होती. "माज्या हातानं तुजं नुकसान झालं रे." तेव्हा सरांनी तिला सांगितलं की तसं काही नाही, प्रशिक्षकांना माझी डावी बाजू कच्ची वाटली, म्हणून घेतलं नाही. आयला ते पटलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती खोबरेल तेल कोमट करून त्यांचा डावा हात चोळू लागली. पुढच्या वेळी तरी घेतील म्हणून. कितीतरी महिने. पुढची वेळ नाही, हे ठाऊक असून सर रोज तिच्यासमोर हात पुढे करून बसत राहिले.

सांगून झाल्यावर त्यांनी तो हात नुसता उलटसुलट करून पाहिला.

इनास सर, आज तुम्ही पंच्याहत्तर वर्षांचे झालात. आयनं इतक्या मायेनं चोळलेला, कधीच कच्चा नसलेला तुमचा तो डावा हात अजून खूप वर्षं असाच बळकट राहो. आम्हा सगळ्यांच्या पाठीवर तो पडत राहो. वसईच्या वाड्यांमधली गोड हवा तुम्हाला निरोगी ठेवो. एवढंच मागणं आहे.